पास म्हणायला झालेला उशीर

इस्मत हानिमला ‘पास’ म्हणायला उशीर झाला. फार नाही, कोणी कॉफीचा घोट घेऊन कप परत बशीत ठेवावा, इतकाच. पण ब्रिजच्या टेबलावर तेवढाही पुष्कळ होतो. तिच्या उजवीकडे बसलेल्या हाझिमने ‘चार इस्पिक’ अशी बोली लावली होती, पाळी इस्मतची होती, आणि इस्मत आपल्या तेरा पत्त्यांकडे बघत गप्प होती. मग तिने मान वर केली, टेबलापलीकडून सफीनाझकडे पाहिलं आणि म्हणाली, “पास.” हाझिमच्या बायकोने, नरमीनने, लागलीच पास म्हटलं. आता पाळी सफीनाझची. तिला त्या थांबण्याचा अर्थ कळला होता, आणि कळणंच नेमकं चुकीचं होतं.

ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला फार थोडे शब्द मिळतात. एक ते सात आकडे, चार रंगांची नावं, पास आणि आणखी दोन-तीन. एवढ्यात तेरा पत्त्यांचं सगळं सुखदुःख सांगायचं. भुवई, खोकला, सुस्कारा, पत्ता जरा जोरात टाकणं, सगळं वर्ज्य. भिडू विचारात पडलाच, तर त्याच्या थांबण्यातून जे समजलं ते समजलंच नाही असं वागायचं. आणि खरा खानदानी खेळाडू असाल तर मुद्दाम त्याच्या उलट वागायचं, नुकसान झालं तरी. हेलिओपोलिसच्या या क्लबात असे नियम कोणी भिंतीवर लावले नव्हते. लहानपणी जेवायला कसं बसायचं ते जसं शिकतात तसे ते शिकायचे. भिडूने आपले पत्ते टेबलावर मांडले की ते कितीही भिकार असोत, ‘मेर्सी’ म्हणायचं, आणि गळा धरायचा तो घरी जाऊन. जिंकल्यावर हसायचं नाही, हरल्यावर तर हसायचंच. सफीनाझला हे सगळं इस्मतनेच शिकवलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी ती मिदहतची नवी नवरी म्हणून त्या घरात आली, तेव्हा स्वयंपाकघर दाखवायच्या आधी नणंदेने तिला पत्ते धरायला दाखवले होते. “असे नाही, बेटा. छातीशी. आपले पत्ते आणि आपलं मन, दोन्ही छातीशी धरायची.” त्या वेळी इस्मत सदतीस वर्षांची होती, देशाच्या संघातून युरोपात खेळून आलेली, आणि तिने लग्न का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. क्लबात बायकांना ‘हानिम’ म्हणत आणि पुरुषांना ‘बे’, बाईसाहेब-साहेब म्हणावं तसं; पण सफीनाझ तिला ‘अब्ला’ म्हणू लागली, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि तेव्हापासून म्हणतच राहिली.

तर अब्ला थांबली होती. याचा अर्थ, मला अजून बोलायचंय पण मी बोलत नाही, तू बोल. पाच बदाम म्हण. सफीनाझच्या हातात चार बदाम होते, चौकटचा राजा होता, बाकी कचरा. प्रामाणिक बाईने अशा पत्त्यांवर गुमान पास म्हणून टाकलं असतं. आणि आज तर, दोनदा घसरून झाल्यावरही, तिने ठरवलंच होतं. आता थांबण्याकडे बघायचंच नाही. आज चहाच्या सुट्टीत अब्लाला बाजूला घेऊन सांगायचं की एप्रिलमध्ये अलेक्झांड्रियाच्या स्पर्धेत मी तुझ्याबरोबर खेळणार नाही. हे वाक्य तिने सकाळपासून न्हाणीघरात तीन वेळा म्हणून पाहिलं होतं, पाण्याचा नळ मोठा सोडून.

चार मंगळवारांपूर्वी डॉक्टर वदीअ व्हरांड्यात तिच्याजवळ आले होते. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची सवय मात्र गेली नव्हती. “सफीनाझ हानिम,” ते म्हणाले होते, “तुमच्या भिडूची हरकत नसेल तर अलेक्झांड्रियाला आपण दोघं खेळू या का? आणि हरकत असेल तर मी हे बोललोच नाही.” रीतच होती तशी. दुसऱ्याच्या भिडूला विचारणं हेच मुळात धाडस. आणि विचारल्यावर जुन्या भिडूची परवानगी जाणाऱ्याने स्वतः, तोंडावर, घ्यायची. त्या हॉलमध्ये नवऱ्याला सोडलेल्या तीन बायका मानाने बसत होत्या. पण भिडू सोडणाऱ्या मादाम हुदाला मात्र अकरा वर्षांनीही लोक ‘कामिल बेंना मध्येच सोडून गेलेली’ म्हणूनच ओळखत. सफीनाझने डॉक्टरांना हो म्हटलं होतं. नुसतं हो नाही, “हो, हो” असं दोनदा म्हटलं होतं आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती पार गेटपर्यंत चालत गेली होती. कॉरिडॉरमधल्या फलकावर स्पर्धेच्या जोड्यांची यादी होती. तिच्यात वदीअ बरसूम या नावापुढे ‘आणि’ लिहून पुढची जागा रिकामी ठेवलेली होती. यादी आज खेळ संपला की बंद होणार होती.

तिला डॉक्टरांशी लग्न करायचं नव्हतं, लोक म्हणाले असते ते म्हणाले असते. तिला तीन दिवस हवे होते. समुद्राकडे तोंड असलेली एक खोली, तिच्यात तिची एकटीची बॅग, आणि समोर असा भिडू की जो थांबला तर तो आपल्या पत्त्यांचा विचार करतोय एवढाच त्याचा अर्थ होईल. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने एवढं मागू नये का? मिदहत गेल्यावर चौथ्याच दिवशी इस्मत वरच्या मजल्यावरून दोन सुटकेसा घेऊन खाली आली होती. “तुला एकटं वाटायला नको,” म्हणाली. सफीनाझला एकटं वाटून बघायची फार इच्छा होती. त्या घरात तिला ते कधी मिळालंच नव्हतं. पण दारात सुटकेसा घेऊन उभ्या असलेल्या नणंदेला काय सांगणार? तिने मिदहतची खोली झाडून दिली.

आणि इस्मतचं थांबणं हे तर सफीनाझच्या संसाराचं व्याकरणच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात, रोजा सोडायच्या वेळी, सफीनाझने सूप वाढलं तेव्हा इस्मत चमचा हातात धरून नुसती थांबली होती. काही बोलली नाही. सफीनाझने टेबलभर नजर फिरवली, आणि लिंबू ठेवायला विसरल्याचं तिला दिसलं. त्या दिवसापासून ती शिकत गेली. इस्मत पडद्यापाशी थांबली तर पडदा मळलाय. इस्मत ‘तुझी आई...’ म्हणून थांबली तर आईने यायचे दिवस फार झालेत. तोंडाने ती बाई कधी वावगं बोलली नाही; सगळा क्लब तिच्या गोड जिभेचे गोडवे गायचा. मिदहत म्हणायचा, “तू उगाच मनाला लावून घेतेस. ताई नुसती उभी होती.” नुसती उभी! पुरुषांना आपल्या बहिणींचं काही म्हणून दिसत नाही. गेल्या वर्षभरात तर ही थांबणी फारच वाढली होती. इस्मत गॅससमोर थांबायची. सफीनाझ दुसऱ्या दिवशी शेगडी घासून लखलखीत करायची. इस्मत दाराशी किल्ली हातात धरून थांबायची. सफीनाझला वाटायचं, दार मी उघडावं अशी अपेक्षा आहे, आता तेही करायचं. इस्मत दरवानाला हाक मारताना थांबायची, नाव न घेता नुसतं ‘अरे तू’ म्हणायची. म्हातारपणी चढेलपणा वाढलाय, आणखी काय. आणि टेबलावर थांबायची. टेबलावर थांबायची तेव्हा मान वर करून सफीनाझकडे बघायची. ते पहिल्यांदा झालं तेव्हा सफीनाझ हादरली होती. ज्या बाईने ‘भिडूच्या श्वासाकडेसुद्धा लक्ष द्यायचं नाही’ असं शिकवलं, तीच आता डोळ्यांनी सांगतेय? पण बत्तीस वर्षांची सवय. नजर आली की हुकूम आला. सफीनाझने त्या दिवशी एक बोली चढवली होती, ती बरोबर ठरली होती, आणि इस्मत ‘मेर्सी’ म्हणाली होती. त्यानंतर ते सुरूच राहिलं. दोघी घरी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

“पाच बदाम,” सफीनाझ म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण म्हटलंय.

हाझिमने पत्ते पालथे ठेवले. चाळिशीचा माणूस, अकरा वर्षं कुवेतला इंजिनियर होता, गेल्या हिवाळ्यात परत आलेला. क्लबात अजून नवा. “माफ करा,” तो अगदी मृदूपणे म्हणाला, “मादामनी पास म्हणण्याआधी वेळ घेतला होता, एवढं आपल्याला मान्य आहे ना? नंतर वाद नको.”

“आहे की,” इस्मत हसून म्हणाली. “या वयात वेळच तर आहे माझ्याकडे.”

नरमीनही हसली. पाच बदामांवर खेळ ठरला. बदामाची बोली आधी इस्मतने लावलेली, त्यामुळे डाव तिने खेळायचा आणि सफीनाझने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून गप्प बसायचं. मांडलेल्या पत्त्यांच्या बाईला काही काम नसतं. ती बोलू शकत नाही, सुचवू शकत नाही, चेहरा करू शकत नाही; भिडू सांगेल तो पत्ता सरकवायचा. सफीनाझला हा भाग एरवी आवडायचा. आज ती दाराकडे बघत होती, तिथून कॉरिडॉरमधला फलक अर्धा दिसत होता. डॉक्टर वदीअ तिसऱ्या टेबलावर होते. त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि डोळ्यांनी विचारलं. चहाच्या सुट्टीत, तिने मनाशी म्हटलं. हा डाव झाला की लगेच.

“चौकटचा राजा,” इस्मत म्हणाली. सफीनाझने तो सरकवला. राजाने हात जिंकला. इस्मत पुढे दोन हात खेळली, सावकाश, तिच्या त्या सुंदर लांब बोटांनी पत्ता टेबलावर ठेवत. आवाज न करता पत्ता ठेवायला तिच्याकडून शिकावं. मग तिने पुन्हा मान वर केली.

“चौकटचा राजा.”

सफीनाझचा हात पुढे गेला आणि अधांतरी राहिला.

“राजा गेला, हानिम,” हाझिम म्हणाला. “मघाशीच.”

“माहीत आहे मला,” इस्मत म्हणाली. “सत्ती टाक, सफी.”

असं होतं. कोणाचंही होतं. पण इस्मतचं नाही. इस्मतला सत्तावन्न सालचे डाव पत्त्यांनिशी आठवत. कोणी कोणत्या हाताला दुरी टाकली ते ती जेवताना सांगायची आणि मिदहत कंटाळून उठून जायचा. सफीनाझचं लक्ष आता दारावरून टेबलावर आलं. इस्मतच्या हातातून एकेक पत्ता पडत होता आणि ती तो मनात लावत होती. बदामाची, एक्का सोडून, सगळी लहान पानं. किलवरची तिरी. इस्पिकची दुरी, चौकी. आणखी एक तिरी. डाव तीन हात कमी पडून संपला, आणि इस्मतचे तेराच्या तेरा पत्ते सफीनाझच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पहिल्या बोलीत सांगून झालं त्यापलीकडे त्यांत काहीच नव्हतं. थांबून विचार करावा असं, शिकाऊ पोरीलाही क्षणभर अडवेल असं काही नव्हतं. पास, दुसरं काही नाही. मग ही थांबली कशासाठी? कसला विचार करत होती? आणि माझ्याकडे काय बघत होती?

गॅससमोर कसला विचार करत होती?

शेगडी मळलेली नव्हती. ती घासताना तिलाच वाटलं होतं की ही तर स्वच्छ आहे. दाराशी किल्ली धरून उभी असलेली अब्ला, तिच्या कपाळावरची ती आठी. ती नाराजीची आठी नव्हती. दरवानाचं नाव. बारा वर्षं खाली बसणाऱ्या माणसाचं नाव. आणि टेबलापलीकडून येणारी ती नजर, जिला ती वर्षभर हुकूम समजत आली, जिच्यावरून ती चिडली, घाबरली, जिच्यापायी तिने चोरासारख्या बोल्या लावल्या. ती नजर विचारत होती, कोणाची पाळी आहे ग? एवढंच. पाण्यात पाय सुटलेलं माणूस काठावरच्याकडे बघतं तशी ती बघत होती, आणि काठावरची बाई पाच बदाम म्हणत होती.

हाझिमने हात वर केला होता. मुस्तशार लुत्फी आपल्या खुर्चीतून उठून टेबलाशी आले. तीस वर्षं न्यायाधीश होते, ‘मुस्तशार’ ही पदवी तिथलीच. आता मंगळवारी ब्रिजच्या तंट्यांचा निवाडा करत, आणि त्यांना तेवढ्याच गांभीर्याने घेत.

“बोला, इंजिनियरसाहेब.”

“आमच्या चार इस्पिकांवर मादामनी बराच वेळ थांबून पास म्हटलं. त्यावर या पाच बदाम म्हणाल्या. आम्ही चार इस्पिक आरामात केले असते.”

“एवढंच ना? हिशेब दुरुस्त करून देतो. यात काय—”

“एवढंच नाही, बे.” हाझिम खालच्या आवाजात बोलत होता, पण शेजारच्या टेबलांवरचे पत्ते थांबले होते. “मी परका आहे, मला बोलायला संकोच वाटतो. पण आजचं हे तिसरं. गेल्या सहा आठवड्यांतलं अकरावं. इथे सगळ्यांनी पाहिलंय, फक्त कोणी बोलत नाही.”

कोणी बोललं नाही. म्हणजे खरंच सगळ्यांनी पाहिलं होतं. सफीनाझने भोवती नजर टाकली तर प्रत्येक जण आपल्या कपाकडे बघत होता. मादाम हुदा मात्र सरळ बघत होती.

“हाझिम, राहू दे,” नरमीन पुटपुटली.

“का राहू दे? मोठी माणसं म्हणून? बे, मी कोणावर आळ घेत नाही. यांचे पत्ते अजून इथेच आहेत. आजचे तिन्ही डाव उघडून बघा. थांबल्या तेव्हा दर वेळी चांगले पत्ते असतील, तर काय ते समजेल. नसतील, तर मी भर हॉलमध्ये माफी मागेन.”

ते बरोबर होतं. डाव संपला की प्रत्येकाने आपापले पत्ते लाकडी पेटीतल्या आपल्या खाचेत परत ठेवायचे असतात, म्हणजे पुढच्या टेबलाला तोच डाव खेळता येतो. पेटी टेबलाच्या मधोमध होती. इस्मतच्या खाचेत तिचे ते तेरा कचऱ्याचे पत्ते पालथे पडले होते. पेटी उघडली की दोघींवरचा आळ तिथल्या तिथे धुऊन निघणार होता. यात सफीनाझने काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं. मग हाझिम माफी मागेल, चहा येईल, डॉक्टर तिच्याजवळ येतील. आणि मग मुस्तशार लुत्फी, तीस वर्षांचे न्यायाधीश, चष्मा काढून इस्मतकडे बघतील आणि त्यांच्या मनात तोच प्रश्न येईल, मग ही थांबली कशासाठी? त्यांच्यानंतर तो हाझिमच्या मनात येईल, हुदाच्या येईल. कोणी वाईट बोलणार नाही. या क्लबात कोणी वाईट बोलतच नाही. रुश्दी बे पत्ते विसरायला लागले तेव्हाही कोणी वाईट बोललं नव्हतं. फक्त पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची व्हरांड्यात ठेवलेली होती, सावलीत, आणि जाता-येता लोक वाकून, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्यांना म्हणत, ‘कसे आहात, बे? ऊन छान आहे ना?’ रुश्दी बे हसायचे. कपावरून हात फिरवत बसायचे. इस्मतने तेव्हा गाडीत म्हटलं होतं, “मला असं बसवलं तर विष घाल.” आणि थांबली नव्हती, एका दमात म्हणाली होती.

“इस्मत हानिम,” मुस्तशार लुत्फी अदबीने म्हणाले, “तुम्हीच सांगा ना, बाई. कसला विचार करत होता?”

इस्मतने मान वर केली. मोत्यांच्या कुड्या, नीट बांधलेले पांढरे केस, ताठ पाठ. तिने लुत्फींकडे पाहिलं, हाझिमकडे पाहिलं, मग सफीनाझकडे पाहिलं. ओठ किंचित उघडले. शेजारच्या टेबलावर कोणीतरी चमचा ठेवला त्याचा आवाज झाला.

“हानिम?”

“ठीक आहे,” हाझिम म्हणाला, “पेटीच उघडा.”

लुत्फींनी हात पुढे केला. त्याआधी पेटीवर सफीनाझचा हात पडला. तो तिने ठेवला की पडला, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. प्रेम म्हणावं तर त्या क्षणी तिच्या मनात प्रेमबीम काही नव्हतं. उलट निव्वळ राग होता. बत्तीस वर्षांत ही बाई एकदा तरी सरळ म्हणाली असती की मला कळत नाही, मला आठवत नाही, मला मदत कर, तर आज तिला हे करावं लागलं नसतं.

“पेटी उघडायची गरज नाही,” ती म्हणाली. “थांबणं हा गुन्हा नाही ना, बे?”

“नाही. विचार करायचा हक्क सगळ्यांना आहे. त्याचा फायदा भिडूने घेतला तर तो गुन्हा.”

“मग अब्लाचा काही दोष नाही. फायदा मी घेतला.” तिचा आवाज तिला परका वाटला. “आज घेतला, आधीही घेतला. अकरा नाही, जास्तच असतील. ती थांबली की मी तिच्याकडे बघते आणि त्यावरून बोली लावते. मुद्दाम. तिला यातलं काही माहीत नाही.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळेच बहुधा कोणाला शंका आली नाही.

हाझिमने मान खाली घातली. त्याला एवढं नको होतं, बिचाऱ्याला. मुस्तशार लुत्फींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि आपल्या जुन्या आवाजात सांगितलं की मादाम सफीनाझ यांना एक वर्ष कुठल्याही स्पर्धेत नाव देता येणार नाही. क्लबात खेळता येईल, पण ज्याला हे सगळं माहीत आहे आणि तरीही ज्याची तयारी आहे, अशा भिडूने तसं लिहून द्यायला हवं. “असं कोणी लिहून देतं असं मला तरी आठवत नाही,” ते हळूच म्हणाले, जणू माफी मागत होते.

डॉक्टर वदीअ तिसऱ्या टेबलावरून उठले. सफीनाझने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिने पाहिलं. ते घाईने गेले नाहीत. खुर्ची नीट आत सरकवली, तिच्या टेबलापाशी येऊन थोडं वाकले, म्हणाले, “हानिम, मी ते बोललोच नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखच होतं, आणि ते सहन करायला रागापेक्षा कठीण होतं. मग ते कॉरिडॉरमध्ये गेले. अर्ध्या दिसणाऱ्या फलकासमोर त्यांची पाठ होती, खिशातून पेन्सिल काढताना कोपर हललं, आणि ते व्हरांड्याच्या बाजूला दिसेनासे झाले. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की परत या, ही पेटी उघडा, बघा काय आहे यात. तिने हात पेटीवरून काढलासुद्धा. पण तोवर नरमीनने पेटी उचलून पुढच्या टेबलाकडे सरकवली होती.

“कागद आणा,” इस्मत म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज खणखणीत होता, जुना. काय झालं ते तिला किती समजलं होतं कोण जाणे; आपल्या माणसाला कोणी नाव ठेवलंय आणि सगळा हॉल आपल्याकडे बघतोय एवढं तरी तिला नेमकं समजलं होतं. लुत्फींनी कागद पुढे केला. तिने पर्समधून आपलं पेन काढलं आणि शाळेत नन लोकांनी शिकवलेल्या त्या तिरप्या, डौलदार अक्षरात सही केली.

“मीच हिला शिकवलं,” ती हॉलला उद्देशून म्हणाली. “कच्ची राहिली असेल तर ती माझी चूक. पण भिडू आहे माझी. मी हिला टाकणार नाही. हिला आता दुसरं कोण घेणार?”

मागच्या टेबलावरून कोणीतरी “व्वा, हानिम!” म्हटलं. मादाम हुदाने डोळ्यांना रुमाल लावला. म्हातारी माणसं माना डोलावू लागली, असे खेळाडू आता राहिले नाहीत म्हणून. हाझिम उठून उभा राहिला आणि त्याने इस्मतचा हात हातात घेऊन ओठांना लावला. कोणी सफीनाझकडे बघत नव्हतं; न बघणं हीच त्या वेळची रीत होती आणि ती सगळ्यांनी उत्तम पाळली. पुदिन्याचा चहा आला. पुढची पेटी टेबलावर आली. सफीनाझने आपल्या खाचेतले पत्ते काढले, छातीशी धरले, मोजले, तेरा होते. बाहेर ट्राम वळणावर कर्कश ओरडून गेली. आता दर मंगळवारी हेच. दर मंगळवारी ती इथे बसेल, चोर म्हणून, आणि समोरची बाई तिला क्षमा करत राहील. मग एक दिवस अब्लाला पत्ते धरता येईनासे होतील. त्या दिवशी सफीनाझला बाकी सगळं करावं लागेल, शेगडी, किल्ली, चमचा, आणि तिच्याऐवजी करायला कोणी नसेल. तिने मान वर केली. इस्मत आपल्या पत्त्यांकडे बघत नव्हतीच. ती खिडकीकडे बघत होती, चेहरा मोकळा, कोरा. मघाचं सगळं तिथून एव्हाना निघून गेलं होतं. लुत्फी, कागद, सही, काही उरलं नव्हतं. सफीनाझला वाटलं, दरवान विसरलीस, राजा विसरलीस, आत्ता काय झालं तेही विसरलीस. मग मलाही विसर ना, अब्ला. एकदा माझ्याकडे बघून म्हण की ही बाई कोण? मी या खुर्चीवरून उठून निघून जाईन.

इस्मतने खिडकीकडून नजर वळवली, तिच्याकडे पाहिलं, आणि ओळखीचं हसली.

“सफी,” ती म्हणाली, “नीट बस. पोक काढू नकोस.”